‘वाया जाणारे’ पाणी कुठे जाते?

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात कोणाकडेही गेले तरी चहा येईपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘एवढा पाऊस पडतो, पण पाणी सगळे समुद्राला जाते. वाया!’ या वाक्यामागची कळकळ खोटी नाही. छपरावर चार महिने पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच भागातल्या काही वाड्यांवर बायकांना घागर घेऊन लांब जावे लागते. म्हादईच्या पाण्याचा वाद सुरू झाल्यापासून तर ‘वाया जाणारे पाणी’ हे शब्द भाषणांतून आणि बातम्यांतून इतक्यांदा आले आहेत, की त्यांचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

मी भूगोल शिकवते. नदी समुद्राला मिळते तिथे तिचे पाणी काय काम करते, हे फळ्यावर आकृती काढून सांगता येते. पण मुलांच्या वहीत फक्त आकृतीच उरते. म्हणून गेल्या जानेवारीत पदवीच्या वर्गातल्या सोळा मुलामुलींना घेऊन आम्ही नदीचे दुसरे टोक पाहायला गेलो. ठिकाण होते गोव्यातल्या चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. आपल्याकडचे लोक गोव्याला वर्षातून दोनदा जातात, मंगेशी-शांतादुर्गा करतात, कळंगुटला पाय भिजवतात आणि परत येतात. पणजीपासून अर्ध्या तासावर असलेल्या या जागेकडे मात्र फार कमी जण वळतात.

देगाव ते चोडण

म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात देगावच्या परिसरात, भीमगडच्या रानातल्या झऱ्यांतून उगम पावते. गोव्यात सत्तरीतून उतरते आणि पुढे मांडवी म्हणून ओळखली जाते. उगमापासून समुद्रापर्यंतचा तिचा सारा प्रवास सुमारे ८० किलोमीटरचा. आपल्याकडच्या इतर नद्यांच्या मानाने ही नदी अगदी आखूड. कणकुंबीलाच उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेकडो किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागरात पोचते. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचे थेंब असे दोन दिशांना जातात. कळसा-भांडुराचा सगळा प्रश्न या पाणलोटाच्या रेषेवरच उभा आहे.

आम्ही चोर्ला घाटाने उतरलो. साखळीवरून माशेलला गेलो आणि संध्याकाळी देवकीकृष्णाचे दर्शन घेतले. हा थांबा केवळ देवदर्शनाचा नव्हता. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात तो आधी मये गावी आणि नंतर माशेलला हलवला गेला. बाळकृष्णासह उभी असलेली देवकी अशी ही मूर्ती आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते. चोडण या नावाचा संबंध लोक चूडामणीशी जोडतात. पोर्तुगीज अमलात तिथे सरदार-उमरावांची घरे झाली आणि बेटाला ‘फिदाल्गोंचे बेट’ असेही नाव पडले. रात्री फोंड्याच्या बाजूला एका देवळाच्या अग्रशाळेत मुक्काम केला आणि पहाटे जुन्या गोव्यावरून रायबंदरच्या धक्क्यावर पोचलो.

फेरीबोटीने मांडवी ओलांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत. बोटीत शाळेची मुले, दूधवाला, पंचायतीत निघालेले कारकून, दुचाकींवर बसूनच नदी ओलांडणारे लोक. मुले कठड्याला टेकून पाणी पाहत होती. नेरशाच्या बाजूचा एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे हे आमच्याकडचंच पाणी म्हणायचं की ओ, मॅडम!’’ मी म्हटले, थोडे आपले आणि बरेचसे समुद्राचे. किती आपले आणि किती समुद्राचे, हाच आजचा धडा.

घड्याळ भरतीचे

चोडणच्या धक्क्यावरून अभयारण्याचे फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९८८ साली हे अभयारण्य जाहीर झाले. आदल्याच वर्षी, १९८७ च्या जूनमध्ये, सलीम अलींचे निधन झाले होते. त्यांनी आणि रॉबर्ट ग्रब यांनी १९७६ मध्ये गोव्याच्या पक्ष्यांवर निबंध प्रसिद्ध केला होता, त्यामुळे या जागेला त्यांचे नाव देणे सर्वार्थाने योग्य होते. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. आपले भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे भीमगडात अशी शंभर अभयारण्ये मावतील. बेटाच्या पश्चिम टोकाचा हा एवढासा तुकडा, पण त्यात पाहण्यासारखे इतके आहे की तीन तास अपुरे पडले.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. या जागेचे वेळापत्रक सूर्याचे कमी आणि चंद्राचे जास्त. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीला साडेबारा तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे आज सकाळी दहाला भरती असेल तर उद्या ती पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी पाण्याच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. उधाणाचे हे पाणी नदीच्या पात्रातून थेट गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, आपला परिणाम दाखवते. नदीच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून अधिक भागात समुद्र रोज दोनदा येऊन जातो, हे ऐकून मुले चकित झाली.

आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. सकाळी साडेसातला ओहोटी होती. जी जागा दुपारी पाण्याखाली असणार होती, तिथे काळाभोर चिखल उघडा पडला होता.

चिखलातले बिऱ्हाड

आत जायला खारफुटीतून बांधलेली पायवाट आहे. दोन्ही बाजूंना झाडे इतकी दाट, की बाहेरचे ऊन विसरायला होते. पहिले लक्ष जाते ते जमिनीतून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या हजारो काड्यांकडे. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहिली तर खारट लागते. झाड मुळांवाटे आलेले जादा मीठ पानांतून बाहेर टाकते. मुलांनी अर्थातच पाने चाटून पाहिली.

पाण्याच्या कडेला कांदळ. वडाच्या पारंब्यांसारखी त्याची मुळे बुंध्यातून कमानी करत चिखलात उतरतात आणि लाटेला झाड उपटू देत नाहीत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हातभर लांब हिरवा कोंब फांदीला लटकत असतो. तो खाली पडला की चिखलात रुततो, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे जागा शोधतो. आईने पोर पायावर उभे करूनच घराबाहेर पाठवावे तसा हा प्रकार. याशिवाय चिप्पी आहे, काजळा आहे, काटेरी पानांची आणि निळसर फुलांची मारांडी आहे. हुऱ्याच्या झाडाला मात्र हात लावू नये. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते.

चिखलाकडे नीट पाहिले की तो हलू लागतो. निवट्या हा मासा, पण ओहोटीला तो पाण्याबाहेर, कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत, चिखलावर उड्या मारत फिरतो. शेजारी नखाएवढे खेकडे. त्यांतल्या नराचा एक आकडा लहान आणि दुसरा अंगाच्या मानाने भलताच मोठा. तो आकडा हलवून तो मादीला बोलावतो. शेकडो खेकडे एकाच वेळी हात हलवताना पाहून मुली हसत सुटल्या.

एवढी शिजलेली थाळी मांडलेली असल्यावर जेवणारे येणारच. निरीक्षणासाठी बांधलेल्या मनोऱ्यावरून उघड्या चिखलाचा मोठा पट्टा दिसला. तुतवार शेपटी हलवत टिपत होते. वंचक पाण्याकडे टक लावून पुतळ्यासारखे उभे. राखी बगळा, जांभळा बगळा, समुद्री बगळा हे तिन्ही एका नजरेत दिसले. चिखलातला कोणता किडा कोणाचा, हे ज्याच्या त्याच्या चोचीच्या लांबीवर ठरलेले असते. आखूड चोचीचे वरच्या थरातले टिपतात, लांब चोचीचे खोलवरचे. त्यामुळे गर्दी असूनही भांडण कमी. वर ब्राह्मणी घारी फिरत होत्या. काळ्या टोपीचा खंड्या फांदीवरून सुटला आणि निळी रेघ ओढावी तसा ओहोळावरून गेला. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आम्ही सोबत नेला होता. इंग्रजी नावांशी मराठी नावे ताडून पाहताना मुलांना आपल्या भाषेत किती नावे आहेत याचाच शोध लागला.

यातले अनेक पक्षी ऑक्टोबर ते मार्चचे पाहुणे. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून ते येतात आणि या चिखलावर अंगात चरबी साठवून परतीच्या वाटेला लागतात. त्यांच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासातले हे भोजनगृहच म्हणायचे.

दहा वाजता पाणी वर येऊ लागले. होडीवाला येऊन म्हणाला, ‘‘उदक चडलां, आतां वचूं या.’’ ओहोटीला होडी आत जात नाही, ओहोळांत पाणीच नसते. भरतीला मात्र झाडांच्या कमानींखालून अरुंद वाटेने आत शिरता येते. त्याने यंत्र बंद करून वल्ह्यांनी होडी नेली आणि बोलू नका अशी खूण केली. सोळा मुले वीस मिनिटे गप्प बसली, हे वर्गात कधी घडलेले मला आठवत नाही. कोल्हे आणि पाणमांजरे या भागात आहेत, ती आम्हाला दिसली नाहीत. किनाऱ्याच्या ओल्या मातीत पंजांचे ठसे मात्र दिसले.

गोड्या पाण्याचे काम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे समुद्राच्या पाण्यावर चालते असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तसे असते तर समुद्रकाठच्या वाळूवरही असेच रान उभे राहिले असते. खाडीचे सामर्थ्य खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मिसळण्यात आहे. मांडवी ही पावसावर चालणारी खाडी. जून ते ऑक्टोबरमध्ये वर्षाचे जवळजवळ सगळे गोडे पाणी येते. तेव्हा चोडणपाशी पाणी गोडे व्हायला लागते, समुद्र मुखाकडे ढकलला जातो. पाऊस थांबला की समुद्र पुन्हा हळूहळू आत सरकतो आणि मे महिन्यात इथले पाणी समुद्राच्या खारेपणाच्या जवळ पोचते. दरवर्षी हा झोका एकदा इकडे, एकदा तिकडे जातो. तिवर असो, कोळंबी असो की शेवटा मासा, सगळ्यांचे जगणे या झोक्याला जुळलेले आहे. कोळंबी समुद्रात अंडी घालते; तिची पिल्ले मात्र खाडीत येऊन, या मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन परत जातात. गोव्याच्या बाजारातल्या कोळंबीच्या टोपलीमागे असे हे पाळणाघर आहे.

पुराबरोबर नुसते पाणी येत नाही. डोंगरावरची माती येते, कुजलेला पालापाचोळा येतो. निवट्या ज्या चिखलावर उड्या मारतो, त्यातला काही भाग आपल्याच रानातून निघालेला असतो.

माणसाचेही यात काम आहे. चोडण, दिवाडी आणि आसपासच्या खाडीकाठी ‘खाजन’ शेती शेकडो वर्षे चालत आली आहे. खाडीला मातीचे बांध घालून जमीन मिळवायची आणि बांधात ‘मानस’ बसवायची. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वीज नाही, यंत्र नाही. या शेतांत कोरगुटसारखे खारे सोसणारे भात पिकते. पण तेही पावसाने जमिनीतले मीठ धुऊन काढल्यावरच. पेरणी गोड्या पाण्याची वाट पाहते. बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही, की खारे पाणी आत शिरते, भात जाते आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. पक्ष्यांना ती जागा मिळते, शेतकऱ्याची जाते. खाडीकाठी सगळ्यांचाच एकदम फायदा होत नाही, हेही मुलांनी पाहावे असे मला वाटत होते.

मांडवीच्याच पाण्याशी जोडलेल्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. दुर्भाट-बोरीच्या बाजूचे खाजन शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. ‘मांगें थापणी’ म्हणतात त्याला. बांधाचे आणि माणसांचे रक्षण कर, असे मागणे मागायचे. ज्याची भीती त्यालाच राखणदार करण्याची ही रीत आपल्याकडच्या वाघोबाच्या पूजेची आठवण करून देते.

दोन्ही टोकांची माणसे

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे वाटप झाले. तिन्ही राज्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. हुबळी-धारवाडच्या नळांना आठ-आठ दिवस पाणी नसे हे आपल्या अनेक वाचकांनी तिथल्या नातेवाइकांकडे राहून अनुभवलेले आहे. ती तहान खरी आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवे. पाणी कोणाला किती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही.

माझे म्हणणे एका शब्दापुरते आहे. ‘वाया’ म्हटले की त्या पाण्याचा हिशेबच संपतो. वरून पाणी कमी आले तर समुद्र थोडा लवकर आणि थोडा जास्त आत येईल. किती आत, हे मोजण्याचे शास्त्र आहे आणि ते मोजले पाहिजे; पण वाया जाणाऱ्या गोष्टीची मोजदाद कोण करतो? पाणी वळवायचे असेल तर ते कोणाच्या ताटातून उचलतो आहोत हे माहीत असताना वळवावे. निवट्या आणि तुतवार न्यायालयात जात नाहीत. खाजनातला शेतकरी आणि खाडीतला मासेमार क्वचित जातो. उगमाकडच्या आपल्या वाड्यांवरच्या बायकांचेही तसेच. त्यांच्या घागरीचा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत येतो, उत्तरात येत नाही.

आणि वरून जे येते ते सगळेच चांगले असते असेही नाही. परतताना तिवराच्या मुळांत अडकलेले प्लॅस्टिक दिसले. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, खाऊची पाकिटे. एका पिशवीवर कन्नड अक्षरे होती. ती नदीने आणली की एखाद्या पर्यटकाने टाकली हे सांगता येणार नाही. मुलांनी होडीवाल्याच्या परवानगीने हाताला लागले तेवढे गोळा केले. दोन पोती भरली.

जायचे असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बेळगावहून चोर्लामार्गे साखळी, डिचोली आणि मये असे रस्त्यानेही थेट चोडणला जाता येते; पण रायबंदरच्या फेरीची मजा सोडू नये. या मार्गावर जुलै २०२५ पासून मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा जरूर पाहा. ओहोटी असताना पायवाट आणि मनोरा, पाणी चढू लागल्यावर होडी, असा क्रम ठेवला तर दोन्ही पाहून होते. प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे तिकीट फाटकाशी घ्यावे लागते. होडीसाठी आधी चौकशी केलेली बरी, सकाळची गर्दी असते. पाणी आणि खाणे सोबत न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. भडक रंगाचे कपडे नकोत. पायांत घसरणार नाहीत अशा चपला किंवा बूट, अंगाला डासांचे मलम आणि शक्य असेल तर एक दुर्बीण एवढे पुरे. दुर्बीण नसेल तरी बिघडत नाही; निवट्या पाहायला ती लागत नाही. वयस्कर मंडळींना पायवाटेवर हळूहळू चालता येते, मनोऱ्याच्या पायऱ्या मात्र आपापल्या गुडघ्यांना विचारून चढाव्यात.

चोर्ल्याच्या वाटेने जात असाल तर कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी जरा थांबा. तिथले पाणी एकदा ओंजळीत घेऊन पाहा आणि मगच घाट उतरा. चोडणला पोचल्यावर काय पाहायचे हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.